विळ्याच्या पात्यावरचे तांबे

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्याकडे संत्र्याची किंवा द्राक्षाची बाग आहे त्यांनी हे नक्की केले असेल. बोर्डो मिश्रण तयार झाले की घासून लखलखीत केलेला विळा त्यात मिनिटभर बुडवायचा आणि वर काढून उजेडात पाहायचा. पात्यावर तांबूस पूट चढलेले दिसले तर चुना कमी पडला असे समजायचे आणि आणखी चुन्याचे पाणी ओतायचे. पाते जसेच्या तसे निघाले तर खुशाल पंप भरायचा. हे आपल्याला वडिलांनी शिकवलेले असते, नाहीतर कृषी खात्याच्या माणसाने. पण मिश्रणात चुना कमी आहे हे विळ्याला कळते कसे, असे आपण कुणाला विचारत नाही. मीही विचारले नाही, आणि मी तर रसायनशास्त्र शिकलेला माणूस. त्याची किंमत माझ्या वडिलांना मोजावी लागली. ती हकीगत सांगतो, म्हणजे पुढचे अणू-इलेक्ट्रॉनचे पुराण तुम्हाला कोरडे वाटणार नाही.

आमची बाग काटोल तालुक्यात. साल १९८१. मी नुकताच एम.एस्सी. होऊन घरी आलो होतो, नोकरी लागायची होती. त्या वर्षी आंबिया बहार झकास धरला होता. फळे लिंबाएवढी झाली होती. वडिलांनी बाग व्यापाऱ्याला देऊन इसार घेतला होता आणि त्या पैशातून सोसायटीचे कर्ज फेडून टाकले होते. ऑगस्टात झड लागली, सूर्याचे तोंड दिसेना, फळगळ सुरू झाली. बोर्डो फवारायचे ठरले.

वडिलांचे प्रमाण ठरलेले होते. किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. सगळीकडे हेच सांगतात. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मोरचुदाचा रेणुभार सुमारे २५० आणि कळीच्या चुन्याचा ५६. म्हणजे किलोभर मोरचुदाला सव्वादोनशे ग्रॅम चुना पुरतो. मी म्हटले, "बाबा, तुम्ही चौपट चुना वाया घालवता."

ते म्हणाले, "घालतो खरा. पण आजवर झाडानं तक्रार नाही केली."

दुसऱ्या दिवशी त्यांना कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी जावे लागले. जाताना एवढेच बोलले, "इळा बुडवून पाहजो."

मी शंभर लिटरला पाव किलो चुना घेतला. तोही कोणता? दिवाळीच्या रंगकामातून उरलेला, गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यात पडलेला. सालदाराने विचारले, "भाऊ, इळा आणू काय?" मी म्हटले, कशाला, हिशेब केला आहे. त्या दिवशी पाच टाकी मिश्रण झाले आणि साठेक झाडे फवारून झाली. मिश्रणाचा रंग आभाळासारखा निळा न होता हिरवट झाला होता, हे माझ्या डोळ्यांना दिसत होते. पण डोक्यात हिशेब होता ना.

चौथ्या दिवशी कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. फळांवर काळपट डाग आले आणि नंतर ती झाडाखाली पडू लागली. वडील परत आले, बूट न काढता थेट बागेत गेले, त्या साठ झाडांमधून एक फेरी मारली. मग टाक्याच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात त्यांनी कमरेचा विळा बुडवला आणि माझ्यापुढे धरला. पाते नव्या तांब्याच्या गडव्यासारखे लाल झाले होते. "हे पाह," म्हणाले, बस्स. रागावले असते तर बरे वाटले असते. व्यापाऱ्याने इसारातले पैसे परत मागितले, आणि ते त्याचे चुकले नाही. पैसे तर कर्जात गेले होते. पोळा तोंडावर आलेला असताना एक गोऱ्हा विकावा लागला.

माझा हिशेब चुकला होता का? नाही. सव्वादोनशे ग्रॅमचा आकडा आजही बरोबर आहे. पण तो ताज्या, शुद्ध कळीच्या चुन्याचा आहे. उघड्यावर पडलेला चुना हवेतली ओल पितो, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड पितो आणि हळूहळू खडूच्या जातीचा होऊन बसतो. पोत्यावर नाव चुन्याचेच राहते, अंगातला दम गेलेला असतो. वडिलांचा चौपट चुना हा अडाणीपणा नव्हता, ती अशा कमजोर मालाची आगाऊ भरपाई होती. आणि विळा तर हिशेबाला विचारतच नव्हता, तो थेट मिश्रणालाच विचारत होता.

मला सर्वांत जास्त लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडाचा खिळा टाकण्याचा प्रयोग मी शाळेत केला होता, कॉलेजात केला होता, परीक्षेत समीकरणासकट लिहून गुण घेतले होते. आणि घरचा विळा म्हणजे तोच खिळा, हे मला ओळखता आले नाही.

पुढे मी नागपूरला शिक्षक झालो, रसायनशास्त्र शिकवत राहिलो, प्रताप नगरात घर केले. बाग आता धाकटा भाऊ पाहतो. मध्यंतरी माझी नात अकरावीच्या परीक्षेसाठी ओट्याजवळ येरझारा घालत पाठ करत होती: "इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेला तो आयनिक बंध, भागीदारीने झालेला तो सहसंयुज बंध." मी विचारले, "म्हणजे काय ग?" ती म्हणाली, "आबा, तुम्ही परीक्षेला नाही बसणार, तुम्हाला काय करायचं?" तेव्हा मी माळ्यावरून एक खिळा काढला, मोरचुदाचे चार खडे काचेच्या जुन्या पेल्यात विरघळवले आणि तिला खाली बसवले. तिला जे सांगितले तेच आता तुम्हाला सांगतो.

जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते, त्यात धन विद्युतभाराचे प्रोटॉन असतात, आणि बाहेर ऋण भाराचे इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन शोधून काढला जे. जे. थॉमसन यांनी, १८९७ साली. केंद्रकाचा पत्ता रदरफोर्ड यांना १९११ साली लागला. अणू म्हणजे भरीव गोटी नव्हे, बहुतेक पोकळीच. लोखंडाच्या अणूचे केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे मोठे केले तर अणूची हद्द शंभर मीटरच्या आसपास जाईल. एवढ्या मोठ्या वावरात मधोमध एक दाणा, आणि बाकी सगळा इलेक्ट्रॉनांचा वावर. वजन मात्र जवळजवळ सगळे त्या दाण्यात. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या मानाने सुमारे १८३६ पटींनी हलका.

शाळेच्या पुस्तकात इलेक्ट्रॉन गोल रस्त्यांवर फिरताना दाखवतात. नील्स बोर यांनी १९१३ साली तसे चित्र मांडले आणि समजावून सांगायला ते सोयीचे आहे. पण इलेक्ट्रॉन काही घाण्याच्या बैलासारखा ठरल्या वाटेने फिरत नाही. १९२६ पासून शास्त्रज्ञ त्याला ढगासारखा मानतात, कुठे दाट, कुठे विरळ. हे समजायला कठीण आहे, मलाही पूर्ण समजले असे मी म्हणणार नाही. आपल्याला एवढे पुरे की या ढगाचे थर असतात. आतल्या थरातले इलेक्ट्रॉन केंद्रकाला घट्ट बिलगून असतात, ते कुणाच्या देण्याघेण्यात नसतात. व्यवहार होतो तो बहुधा बाहेरच्या थरातल्या इलेक्ट्रॉनांचा. गावात नाही का, घरात माणसे कितीही असोत, बाजाराला जाणारे एक-दोघेच असतात आणि त्यांच्यावरूनच लोक त्या घराला ओळखतात.

आता मीठ घ्या. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन. आतल्या थरांत २ आणि ८, बाहेर एकटा एक. क्लोरीनमध्ये १७, म्हणजे २, ८ आणि बाहेर ७. बाहेरच्या थरात ८ झाले की अशा अणूंची घडी चांगली बसते. सोडियम आपला एकटा इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, क्लोरीन तो घेऊन आठ पुरे करतो. दिल्यामुळे सोडियमवर धन भार, घेतल्यामुळे क्लोरीनवर ऋण भार, आणि विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. तो झाला आयनिक बंध. सोडियम धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन वायू १९१५ साली पहिल्या महायुद्धात माणसे मारायला सोडला होता. आणि एका इलेक्ट्रॉनची देवघेव झाली की त्या दोघांचे जे होते ते आपण रोज चिमटीने वरणात घालतो. नातीला हे पटेना. "तेच अणू ना आबा?" अणू तेच, इलेक्ट्रॉनांची मांडणी वेगळी. पदार्थाचा रासायनिक स्वभाव तिच्यातून येतो.

बोलण्याच्या ओघात आपण म्हणतो, अणूला इलेक्ट्रॉन हवा असतो. हाव वगैरे काही नसते बरे. पाणी जसे उतार मिळेल तिकडे वाहते, तसे अणू कमी ऊर्जेच्या स्थितीकडे जातात, एवढेच.

देवघेव जमत नाही तिथे भागीदारी होते. ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली. दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात. दोघांच्या केंद्रकांवर धन भार, ती एकमेकांना ढकलणार. पण मधल्या जागेत ऋण भाराचा ढग दाट झाला की तो दोघांनाही आपल्याकडे ओढून धरतो. पाण्यात ऑक्सिजनची दोन हायड्रोजनबरोबर अशी भागीदारी आहे, पण ती सारखी नाही. ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन जरा जास्तच आपल्या बाजूला ओढतो. त्यामुळे पाण्याच्या रेणूच्या एका अंगाला थोडा ऋण भार, दुसऱ्या अंगाला थोडा धन. म्हणून पाणी मिठाला सुटे करते, मोरचूद विरघळवते आणि खत मुळापर्यंत नेते. वाटणीत कमी-जास्त झाले नसते तर आपली शेती झाली नसती.

आणि तुरीच्या मुळावरच्या गाठी? हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो नुसता दिसतो, मिळत नाही. कारण नायट्रोजनचे दोन अणू तीन जोड्या सामाईक धरून बसलेले असतात. तिहेरी गाठ, सहज सुटत नाही. खताच्या कारखान्यात ती सोडवायला चारशे-पाचशे अंशांची उष्णता, हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब आणि मदतीला लोखंडासारखा उत्प्रेरक लागतो. फ्रिट्झ हाबर यांनी ती रीत शोधली आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नाने १९१३ साली जर्मनीत पहिला मोठा कारखाना सुरू झाला. तुरीच्या गाठीतला जीवाणू तेच काम साध्या मातीत, साध्या उन्हापावसात करतो. युरियाच्या पोत्याला जे पैसे पडतात त्यातला मोठा भाग ही तिहेरी गाठ सोडवण्याचा आहे, हे मला फार उशिरा उमगले.

असो, खिळ्याकडे येऊ. तांब्याच्या अणूत २९ इलेक्ट्रॉन असतात. मोरचुदात तांब्याचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले असतात, २७ उरलेले असतात. पाण्यात असे दोन-दोन इलेक्ट्रॉनांनी उणे असलेले तांब्याचे कण फिरत असतात, मोरचुदाचा निळा रंग त्यांचाच. (पाण्याचे रेणू त्यांना चिकटलेले असतात म्हणून तो निळा. मोरचुदाचा खडा तापवला, पाणी उडून गेले, की तो पांढराफटक पडतो. पाण्याचा थेंब घातला की पुन्हा निळा. पण हे स्वयंपाकाच्या तव्यावर करू नका, मोरचूद विष आहे.) लोखंडाचा अणू २६ इलेक्ट्रॉनांचा, आणि बाहेरचे दोन तो तांब्यापेक्षा सहज सोडतो. मग विळ्याच्या पृष्ठभागावरचा लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या कणाला देतो आणि स्वतः पाण्यात उतरतो. तांब्याच्या कणाचे २९ पुरे होतात, तो धातू होऊन पात्यावर बसतो. ते लाल पूट म्हणजे खरेखुरे तांबे. म्हणून तर बोर्डो लोखंडी ड्रममध्ये करू नये म्हणतात. ड्रम झिजतो आणि औषधातले तांबे ड्रमला लागते.

चुना काय करतो? चुन्याच्या पाण्यात ऑक्सिजन-हायड्रोजनची ऋण भाराची जोडी असते. ती तांब्याच्या मोकळ्या कणांना बांधून टाकते आणि निळसर, न विरघळणारा साका तयार होतो. चुना पुरेसा असेल तर पाण्यात मोकळे तांबे जवळजवळ राहत नाही, मग विळ्यावर चढणार काय? चुना कमी, तर तांबे मोकळे. ते जसे विळ्यावर चढते तसेच कोवळ्या पानात शिरते आणि पान करपवते. माझ्या साठ झाडांचे तेच झाले.

नीट बांधलेला साका पानाला चिकटून राहतो, पावसाने लवकर धुपत नाही, आणि पानावर ओल आली की त्यातले तांबे अगदी थोडे थोडे सुटते. झाडाला त्याचा त्रास होत नाही, पण बुरशीचे बीज रुजायला लागले की ते तांबे ओढून घेते. ते तांबे बीजाच्या आतल्या प्रथिनांना, विशेषतः त्यांतल्या गंधकाच्या जागांना जाऊन बिलगते आणि बीजाचे काम थांबते. तिथेही पुन्हा इलेक्ट्रॉनांचाच बंध.

हे औषध सापडले त्याची गोष्ट मजेची आहे. फ्रान्सात बोर्डो शहराजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना बागाईतदार मोरचूद आणि चुना फासत. रोगासाठी नव्हे हो, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून. रंग पाहून लोक हात लावत नसत. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांनी १८८२ साली पाहिले की त्या कडेच्या वेलींवर केवडा रोग आलेला नाही. त्यांनी प्रयोग करून १८८५ साली ते जगापुढे ठेवले. चोरांसाठी लावलेले बुजगावणे असे कामाला आले. मियार्दे हुशार होतेच, पण कुंपणाकडे पाहण्याची सवय त्यांना होती हे मला जास्त मोलाचे वाटते. मी त्या दिवशी टाक्यातल्या हिरवट पाण्याकडे पाहूनही पाहिले नव्हते.

आज बाजारात तऱ्हेतऱ्हेची बुरशीनाशके मिळतात आणि नागपुरातच लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तरी डिंक्यासाठी बुंध्याला बोर्डो मलम लावणे सुटलेले नाही. मलमाला किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. आमचा भाऊ आजही लावतो. मोरचूद प्लास्टिकच्या एका बादलीत भिजवतो, चुना दुसरीत विझवतो. चुना पाण्यात हळूहळू टाकायचा, पाणी उकळी फुटल्यासारखे उडते, डोळे जपायचे. थंड झाल्यावर दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळायचे. चुना ताजा, ढेकळांचा घ्यायचा, हातात भुगा होणारा नको. आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी वापरायचे.

त्या साठ झाडांपैकी बरीचशी पुढच्या वर्षी नव्या पालवीने सावरली. १९८२ च्या पावसाळ्यात मला नोकरी लागली होती, पण फवारणीला मी रजा काढून गेलो. वडिलांनी चुना विझवला, माझ्याकडे न पाहताच विचारले, "तुहा हिशेब काय म्हणते?" मी म्हटले, "सव्वादोनशे ग्रॅम. पण चुना ताजा असला तर." त्यांनी किलोभर घातला. मग कमरेचा विळा काढला, विटेच्या भुकटीने घासला आणि माझ्या हातात दिला. मी बुडवला. शंभरपर्यंत मोजून वर काढला. पाते पांढरे होते. "भर पंप," म्हणाले.

नातीचा खिळा आम्ही त्या पेल्यात रात्रभर ठेवला. सकाळी तो गाभुळलेल्या चिंचेसारखा तांबूस आणि खरबरीत झाला होता. तिने नखाने खरवडले, तांब्याचा भुगा बोटावर घेतला, मग पेला खिडकीशी धरून बराच वेळ पाहत राहिली. पाण्याचा निळा रंग उतरून फिका हिरवट झाला होता.

"आबा, निळं कुठे गेलं?"

मी म्हटले, तुझ्या बोटाला लागले आहे ते काय आहे?